हरिकेनचं बारसं: नाव आधी, वादळ नंतर

प्रश्न साधा आहे: कत्रिना, सँडी, मिल्टन अशी माणसांची नावं हरिकेनना, म्हणजे अमेरिकेकडच्या समुद्रांतल्या मोठ्या चक्रीवादळांना, कोण देतं, कशावरून देतं, आणि नावं संपली तर काय करतात?

वादळ आलं, मग कुणीतरी त्याचा नूर बघून शोभेलसं नाव शोधलं, असं होत नाही. हे बारसं उलट्या क्रमाने होतं. नावं वर्षानुवर्षं आधी ठरलेली असतात आणि वादळ जन्मलं की रांगेतलं पुढचं नाव त्याला मिळतं. बँकेत टोकन घेतल्यासारखंच. म्हणून एखाद्या भयंकर वादळाला अगदी गोड नाव पडतं, आणि समुद्रात दोन दिवस घुटमळून विरणाऱ्याला रुबाबदार नाव मिळतं. नाव आणि स्वभाव यांचा काही संबंध नाही.

अटलांटिकसाठी सहा याद्या आहेत. प्रत्येक यादीत २१ नावं, इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने, एक पुरुषाचं आणि एक बाईचं असं आलटून पालटून. क्यू, यू, एक्स, वाय आणि झेड ही अक्षरं वगळलेली आहेत, कारण त्यांवरून सुरू होणारी पुरेशी ओळखीची नावं मिळत नाहीत. नाव एक असून भागत नाही. सहा याद्यांसाठी प्रत्येक अक्षराची सहा नावं लागतात, शिवाय एखादं बाद झालं तर बदली नाव हाताशी हवं. दरवर्षी एक यादी वापरतात आणि सातव्या वर्षी पहिली पुन्हा फिरून येते. २०२४ ची यादी आल्बर्टोपासून सुरू होऊन विल्यमवर संपत होती. तीच २०३० मध्ये परत येणार. सम वर्षाची सुरुवात पुरुषाच्या नावाने आणि विषम वर्षाची बाईच्या नावाने होते: २०२४ आल्बर्टो, २०२५ अँड्रिया, २०२६ आर्थर. नावं इंग्रजी, स्पॅनिश आणि फ्रेंच अशी मिसळून घेतलेली असतात, कारण या वादळांच्या वाटेत येणाऱ्या देशांत त्याच भाषा जास्त चालतात. याद्या जागतिक हवामान संघटनेची प्रादेशिक हरिकेन समिती सांभाळते. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर फक्त यादीतलं पुढचं नाव उचलून वापरतं, स्वतःच्या मनाने ठेवत नाही.

आता नाव नेमकं कधी पडतं ते बघू, कारण गोंधळ इथेच सर्वात जास्त होतो. नाव मिळायला ‘हरिकेन’ व्हावं लागत नाही. वाऱ्याचा एका मिनिटाच्या सरासरीने मोजलेला सलग वेग ३४ नॉट, म्हणजे ताशी ६३ किलोमीटर झाला की ‘ट्रॉपिकल स्टॉर्म’ होतं आणि त्याच टप्प्यावर नाव लागतं. तोच वेग ६४ नॉट, म्हणजे ताशी ११९ किलोमीटर झाला की नाव तेच राहतं, पुढची पदवी बदलून ‘हरिकेन’ होते. म्हणूनच यादीतली बरीचशी नावं हरिकेनपदापर्यंत पोचतच नाहीत.

त्याआधी वादळाला नुसते आकडे असतात. ढगांचा संशयास्पद पुंजका दिसला की त्याला ९० ते ९९ मधला एक क्रमांक आणि अटलांटिकसाठी ‘एल’ हे अक्षर मिळतं, उदाहरणार्थ ९५एल. नव्व्याण्णव झाले की पुन्हा नव्वदपासून मोजायचं. त्यात बंद अभिसरण तयार झालं, म्हणजे पृष्ठभागाजवळचे वारे एका केंद्राभोवती पूर्ण फेरी मारू लागले आणि गडगडाटी ढग त्या केंद्राशी टिकून राहिले, तर ते ‘डिप्रेशन’ होतं आणि त्याला त्या मोसमातला अनुक्रमांक मिळतो. २०१७ पासून आणखी एक सोय आहे: डिप्रेशन अजून झालेलं नाही, पण दोन दिवसांत (२०२५ पासून तीन दिवसांत) किनाऱ्याला धोका दिसतोय, अशा वेळी ‘संभाव्य चक्रीवादळ’ म्हणून क्रमांक देऊन इशारे आधीच सुरू करता येतात.

२०२४ च्या हेलीनचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. २३ सप्टेंबरला ते ‘संभाव्य चक्रीवादळ नऊ’ होतं. त्याला नाव नव्हतं, तरी इशारे सुरू झाले होते. २४ ला वाऱ्याने उंबरठा ओलांडला आणि यादीतलं पुढचं नाव, हेलीन, लागलं. २५ ला ते हरिकेन झालं आणि २६ च्या रात्री चौथ्या श्रेणीचं होऊन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं. सरकारी नोंदीतला त्याचा कायमचा क्रमांक एएल०९२०२४: अटलांटिक, नववं, साल २०२४. नावं सहा वर्षांनी परत येतात, हा क्रमांक मात्र कधीच परत येत नाही. संशोधनात किंवा विम्याच्या कागदपत्रांत नेमकं वादळ दाखवायचं असेल तर हाच लिहावा.

निर्णय घेतो तो पाळीवर असलेला तज्ज्ञ. विमान वादळात जाऊन आलं असेल तर खाली सोडलेल्या उपकरणांचे आणि समुद्राच्या पृष्ठभागावरून मोजलेले वेग हाती असतात. विमान नसेल तर उपग्रहाच्या चित्रावरून ढगांची गुंफण तपासून ड्वोरॅक पद्धतीने आकडा काढतात; २.५ हा आकडा म्हणजे साधारण ३५ नॉट. काठावरच्या प्रकरणांत दोन तज्ज्ञांचं मत वेगळं पडू शकतं, म्हणून मोसम संपल्यावर प्रत्येक वादळाची फेरतपासणी होते. त्यात कधी असं आढळतं की एक वादळ नाव मिळण्याच्या लायकीचं होतं, पण त्या वेळी निसटलं. २००५ मध्ये तसं झालं. अशा वादळाला मागाहून नाव देत नाहीत, ते ‘अनाम’ म्हणूनच नोंदतात. हे मला अगदी योग्य वाटतं, कारण नावाचं काम इशारा पोचवण्याचं आहे आणि वादळ निघून गेल्यावर ते काम उरत नाही.

मुळात नावं लागली ती याच कामासाठी. त्याआधी वादळाची ओळख म्हणजे अक्षांश आणि रेखांश. आता कल्पना करा: बिनतारीवर खरखर चालू आहे, जहाजावरचा माणूस ‘पंचवीस पूर्णांक चार उत्तर, एकाहत्तर पूर्णांक दोन पश्चिम’ लिहून घेतोय, आणि त्याच वेळी समुद्रात दुसरंही वादळ आहे. एक आकडा चुकला की इशारा भलत्याच वादळाचा होतो. शिवाय वादळ चालत राहतं, त्यामुळे ही ‘ओळख’ दर सहा तासांनी बदलते.

वेगवेगळ्या काळात लोकांनी यावर आपापले उपाय काढले. प्वेर्तो रिकोमध्ये ज्या संताच्या सणाला वादळ आलं त्याचं नाव त्याला पडायचं. त्यात गंमत अशी झाली की १८७६ मध्ये १३ सप्टेंबरला सान फेलिपे आलं, आणि १९२८ मध्ये त्याच तारखेला आणखी एक आलं. मग ते ‘दुसरं सान फेलिपे’ झालं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचे हवामानतज्ज्ञ क्लेमेंट रॅग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आधी ग्रीक अक्षरं, मग पुराणातली पात्रं आणि शेवटी न आवडणाऱ्या राजकारण्यांची नावं वादळांना दिली. अमुक पुढारी ‘प्रशांत महासागरात दिशाहीन भरकटत आहेत’ असं सरकारी हवामानवृत्तात छापता येणं, ही सोय त्यांना नक्कीच आवडली असणार.

अमेरिकेत १९५० पासून लष्करी वर्णमाला वापरली: एबल, बेकर, चार्ली. कल्पना चांगली होती, पण दरवर्षी पहिलं वादळ एबलच, त्यामुळे ‘एबल’ म्हटलं की कोणत्या सालचं हे विचारावं लागे. त्यात १९५२ च्या सुमारास नवी आंतरराष्ट्रीय वर्णमाला आली, अल्फा, ब्राव्हो असं म्हणणारी, आणि दोन्ही एकत्र कानावर पडू लागल्या. १९५३ पासून बायकांची नावं सुरू झाली, पहिलं अ‍ॅलिस. पुढची पंचवीस वर्षं सगळी वादळं बायकांच्याच नावाची होती. फ्लोरिडातल्या रॉक्सी बोल्टन यांनी याविरुद्ध नेटाने मोहीम चालवली. सिनेटरना कशाकशाला आपलं नाव दिलेलं आवडतं, तेव्हा वादळांना त्यांचीच नावं द्या, अशी त्यांची सूचना होती. सिनेटर वाचले, पण १९७८ मध्ये पूर्व प्रशांत महासागरात आणि १९७९ मध्ये अटलांटिकमध्ये पुरुषांची नावं आली. अटलांटिकमधलं पहिलं पुरुषी नाव बॉब. फार बरं झालं असंच म्हणायला हवं, कारण वादळाच्या बातम्या ‘ती चिडली’, ‘तिने नखरे केले’ अशा भाषेत लिहिण्याची सवय त्यामुळे सुटायला मदत झाली.

इथेच एक सावधगिरी. बायकांच्या नावाची वादळं जास्त बळी घेतात, कारण लोक ती गंभीरपणे घेत नाहीत, असा निष्कर्ष २०१४ मध्ये एका अभ्यासातून आला आणि तो अजून फिरतो. त्यावर मोठा आक्षेप असा की त्यातली आकडेवारी १९५० पासूनची होती. १९७९ पूर्वी अटलांटिकमध्ये पुरुषांची नावंच नव्हती आणि त्या काळात इशारे, उपग्रह, स्थलांतराची व्यवस्था सगळंच कमकुवत होतं. जुन्या काळातले जास्त बळी त्यामुळे आपोआप बायकांच्या नावांवर जमा होतात.

नाव बाद कसं होतं? वादळ इतकं जीवघेणं किंवा खर्चिक ठरलं की ते नाव पुन्हा उच्चारणं असंवेदनशील आणि गोंधळाचं होईल, तर झळ बसलेला देश मागणी करतो. पुढच्या वसंत ऋतूतल्या वार्षिक बैठकीत समिती ते खोडते आणि त्याच अक्षराचं, त्याच लिंगाचं आणि शक्यतो त्याच भाषेचं दुसरं नाव त्या जागी बसवते. कत्रिनाच्या जागी कातिया आली, हार्वीच्या जागी हॅरल्ड, इयनच्या जागी इद्रिस. मायकेलच्या जागी मिल्टन आला, पण २०२४ च्या वादळानंतर २०२५ मध्ये तोही बाद झाला आणि आता माइल्स आहे. २०१२ च्या सँडीच्या जागी सेरा ठरली, पण २०१८ मध्ये यादी तिच्यापर्यंत पोचलीच नाही. तिची पाळी थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. एकाच मोसमात सर्वात जास्त नावं बाद झाली ती २००५ मध्ये: डेनिस, कत्रिना, रिटा, स्टॅन आणि विल्मा, एकूण पाच.

सर्वात जास्त बाद झालेलं अक्षर कोणतं, तर ‘आय’. आयव्हन, आइक, आयरीन, इर्मा, आयडा, इयन… यादी लांबते. यात अपशकुन काही नाही. ‘आय’ हे नववं अक्षर, आणि मोसमातलं नववं नाव सरासरीने सप्टेंबरच्या मध्याला लागतं. अटलांटिकमध्ये हरिकेनचा जोर १० सप्टेंबरच्या आसपास शिगेला असतो. तेव्हा समुद्र सर्वात तापलेला आणि वरच्या थरातले वारे अनुकूल असतात. नेमक्या त्याच वेळी रांगेत ‘आय’ उभा असतो. मोसमाच्या सुरुवातीला येणाऱ्या ‘ए’च्या नावांना तितका जोर क्वचितच मिळतो.

विनाश न करताही नाव जाऊ शकतं. पूर्व प्रशांतच्या २०१६ च्या यादीत ‘आयसिस’ होतं. इजिप्तच्या देवीचं हे नाव तोवर दहशतवादी संघटनेचं झालं होतं, म्हणून २०१५ मध्येच ते काढून इव्हेट घातलं.

आता नावं संपली तर? २१ पुरली नाहीत असं दोनदा झालं, २००५ आणि २०२० मध्ये. दोन्ही वेळा ग्रीक अक्षरं वापरली. २०२० मध्ये ३० वादळांना नावं लागली. १८ सप्टेंबरला तर एकाच दिवशी यादीतलं शेवटचं विल्फ्रेड, मग पोर्तुगालजवळ अल्फा आणि मेक्सिकोच्या आखातात बीटा, अशी तीन. पुढे आली झीटा, ईटा आणि थीटा. हे मोठ्याने म्हणून बघा. ऑक्टोबरच्या अखेरीस झीटा लुइझियानावर आदळली, दोन-तीन दिवसांत ईटा तयार झाली, आणि ती जिवंत असतानाच थीटालाही नाव लागलं. रेडिओवर ऐकणाऱ्याने काय समजायचं? वर ईटा आणि आयोटा या दोन्हींनी त्याच नोव्हेंबरमध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने निकाराग्वाच्या किनाऱ्यावर जवळपास त्याच जागी तडाखा दिला. ती नावं बाद करायची तर ग्रीक वर्णमालेतून अक्षर कसं काढणार, आणि त्याऐवजी काय घालणार? मार्च २०२१ मध्ये समितीने ग्रीक अक्षरं कायमची बंद केली. त्याऐवजी २१ नावांची राखीव यादी केली: एड्रिया, ब्रेलन, कारिदाद अशी सुरुवात होणारी. त्यातलं कुठलंही बाद झालं तर नेहमीसारखं बदलता येतं.

हद्द ओलांडणाऱ्या वादळांचा नियमही नीट समजून घ्यावा. चक्रीवादळ म्हणून सलग जिवंत राहून दुसऱ्या महासागरात गेलं तर नाव तेच राहतं. २०१६ चं ओटो आणि २०२२ चं बॉनी मध्य अमेरिका ओलांडून अटलांटिकमधून प्रशांतमध्ये त्याच नावाने गेले. वाटेत विरलं आणि पलीकडे अवशेषांतून नव्याने उभं राहिलं तर नाव नवं: २०२० मध्ये प्रशांतमधली अमांडा ग्वाटेमालावर विरली आणि तिच्या अवशेषांना गिळणाऱ्या अभिसरणातून आखातात क्रिस्तोबाल झालं. आपल्या बाजूचं अगदी तसंच उदाहरण २०२१ चं: बंगालच्या उपसागरातलं ‘गुलाब’ आंध्रच्या किनाऱ्यावर येऊन क्षीण झालं, अवशेष देश ओलांडून अरबी समुद्रात गेले आणि तिथे ‘शाहीन’ झालं.

एकदा तर नाव मुद्दाम दिलं नाही. १९९१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या प्रचंड सागरी वादळाच्या पोटात एक हरिकेन तयार झालं. लोकांचं आणि वृत्तपत्रांचं सगळं लक्ष आधीच त्या मोठ्या वादळाच्या नुकसानीकडे होतं. मध्येच नवं नाव आलं असतं तर दुसरंच संकट आलंय असं वाटलं असतं, म्हणून ते अनाम ठेवलं.

इतर समुद्रांत पद्धत वेगळी आहे. पश्चिम प्रशांतमध्ये १४ सदस्यांनी दिलेली १४० नावं आहेत, ती ए-बी-सी क्रमाने नाहीत आणि नव्या वर्षी पहिल्यापासून सुरू होत नाहीत. जिथे थांबली तिथून पुढे. तिथे माणसांपेक्षा प्राणी, फुलं, फळं जास्त. जपानने तर नक्षत्रांची नावं दिली आहेत. फिलिपिन्स स्वतःची वेगळी नावं ठेवतो, म्हणून २०१३ चं हैयान तिथे योलांदा म्हणून ओळखलं जातं.

उत्तर हिंद महासागरात नावं २००४ पासून आहेत; पहिलं ओनिल. तेव्हा आठ देशांची ६४ नावं होती. एप्रिल २०२० मध्ये तेरा देशांची प्रत्येकी तेरा, अशी १६९ नावांची नवी यादी आली. पहिलं बांगलादेशचं ‘निसर्ग’, त्यानंतर भारताचं ‘गती’. देश इंग्रजी वर्णक्रमाने लावलेले, आणि नावं प्रत्येक स्तंभात वरून खाली वापरत जायची. इथे एकदा वापरलेलं नाव पुन्हा वापरत नाहीत, त्यामुळे बाद करण्याचा प्रश्नच येत नाही. राजकारण, धर्म, संस्कृती आणि लिंग यांबाबत नाव तटस्थ असावं, कुणाला दुखावणारं नसावं, अशी अट आहे. २०१३ मध्ये श्रीलंकेने दिलेलं ‘महासेन’ हे राजाचं नाव तिथल्याच लोकांना खटकलं आणि वादळाला ‘वियारू’ म्हणावं लागलं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खरी मेख उच्चारांत आहे. ही नावं रोमन लिपीतून येतात आणि अक्षराला अक्षर लावून देवनागरीत उतरवली की हमखास चुकतात. म्यानमारचं नाव ‘टौकटे’ नाही, ‘ताउते’ आहे. ‘मिचाँग’ नाही, ‘मिगजॉम’. थायलंडचं ‘अम्फान’ म्हणजे ‘उम्पुन’. येमेनचं ‘मोचा’ नाही, ‘मोखा’. ‘फानी’ म्हणून छापलेलं बांगलादेशचं नाव संस्कृतातल्या ‘फणी’चंच भावंड आहे, म्हणजे नाग. भारतीय हवामान विभागाच्या यादीत उच्चाराचा वेगळा स्तंभ असतो, तो बघून लिहावं. हरिकेनच्या यादीलाही असा उच्चारतक्ता आहे. २०२० चं इसाईआस त्याशिवाय कुणालाच धड म्हणता आलं नसतं.

स्वतःचं किंवा लेकीचं नाव वादळाला देता येईल का? अटलांटिकमध्ये नाही, विकतही मिळत नाही. युरोपातल्या साध्या कमी-जास्त दाबाच्या क्षेत्रांना मात्र बर्लिनची फ्री युनिव्हर्सिटी २००२ पासून पैसे घेऊन नाव देते. उत्तर हिंद महासागरासाठी हवामान विभागाकडे लोक नावं सुचवू शकतात. वर्षाला सरासरी पाच वादळं धरली तर सध्याची यादी तीस-पस्तीस वर्षं पुरेल, तेव्हा घाई नाही. सुचवताना व्यक्तीचं नाव टाळा, उच्चाराला सोपं ठेवा आणि रोमन लिपीत अक्षरं मोजा: मर्यादा आठची आहे. भारताच्याच तेरा नावांतलं ‘प्रभंजन’ तसं मोजलं तर दहा भरतं, पण ‘नीर’ आणि ‘व्योम’ चारांत बसतात.